भाऊ, फक्त एका कंपनीचं नाव सांगा

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईचं पत्र आलं आहे, नाव-गाव देत नाही. दहा बायांचा बचत गट आहे, घरच्या वावरातली अन् आजूबाजूची हळद दळून पाकिटं करतात, सोबत जवसाची चटणी, सरगुंडे, उन्हाळ्यात सांडगे. मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका प्रदर्शनात माल चांगला गेला, तिथे दोन-तीन गिऱ्हाइकांनी विचारलं की तुमची वेबसाईट काय आहे, अन् तेव्हापासून वेबसाईट डोक्यात बसली. महिन्याला पंधरा-वीस फोन येतात ऑर्डरचे. गटाच्या बैठकीत सहा हजार रुपये मंजूर झाले अन् गाडी अडली होस्टिंगवर. यूट्यूबवर एक जण सांगतो महिना ७९ रुपयांचा अनलिमिटेड प्लॅन चार वर्षांचा घ्या, ऑफर आज रात्री बारापर्यंतच. तालुक्याला कम्प्युटरचं दुकान असलेला नणंदेचा दीर म्हणतो बारा हजार द्या, डोमेन-होस्टिंग सगळं माझ्या अकाउंटवरून करून देतो. पुतण्या म्हणतो हे सगळं फुकटात होते, पैसे कायले घालता. ताई लिहितात, "पैसा माझ्या एकटीचा नाही, दहा जणींचा आहे. चुकीची कंपनी घेतली तर सगळं बुडालं अन् मले तोंड दाखवाले जागा राहणार नाही. एमएस-सीआयटी केलेली आहे मी, पण पंधरा दिवस व्हिडिओ पाहून पाहून डोकं भणाणलं. भाऊ, फक्त एका कंपनीचं नाव सांगा."

ताई, आधी ते रात्री बाराचं घड्याळ. ते पान बंद करा अन् उद्या सकाळी चहा झाल्यावर परत उघडा, बहुतेक वेळा ते घड्याळ पुन्हा नव्याने धावत असलेलं दिसते. ह्या धंद्यात ऑफर बारा महिने असतात, दिवाळीची, नवीन वर्षाची, ब्लॅक फ्रायडेची, काहीच नसलं तर कंपनीच्या वाढदिवसाची. उद्या कापसाचा भाव पडेल म्हणून आजच गाडी भरायची घाई मी समजू शकतो, इथे तसं काही नाही.

आता तुमचं ते वाक्य, चुकीची कंपनी घेतली तर सगळं बुडालं. मी ते दोनदा वाचलं. हे तुमच्या मनातलं कमी अन् त्या व्हिडिओवाल्यांचं जास्त वाटते मला, कारण 'टॉप फाईव्ह होस्टिंग' असा व्हिडिओ बनवणाऱ्याच्या खाली जी लिंक असते ना, तिच्यावरून तुम्ही प्लॅन घेतला की त्याला कमिशन मिळते. कमिशन घेणं गुन्हा नाही, आपल्याकडे अडत्याही घेते, पण अडत्या अडत्या आहे हे आपल्याला माहीत असते, इथे तो मास्तरासारखा बोलून राहिला असतो. अन् गंमत म्हणजे ज्या दोन कंपन्यांची कुस्ती लावतात त्या कधी कधी एकाच घरच्या निघतात, ब्लूहोस्ट अन् होस्टगेटर ही दोन्ही दुकानं न्यूफोल्ड डिजिटल नावाच्या एकाच कंपनीची आहेत, २०२१ पासून ह्या नावाने. म्हणजे तुम्ही रात्रभर जागून उजवी का डावी करता अन् पैसा जाते एकाच खिशात.

होस्टिंग म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, तरी बाकी वाचणाऱ्यांसाठी एका वाक्यात सांगतो. तुमच्या साईटच्या फायली कुठेतरी चोवीस तास चालू असलेल्या मशीनवर ठेवाव्या लागतात, त्या मशीनवरच्या जागेचं भाडं म्हणजे होस्टिंग. भाड्याची खोली. खोली पटली नाही, गळायला लागली, मालक कटकट करून राहिला, तर माल उचलायचा अन् दुसऱ्या खोलीत न्यायचा, एक दिवसाचा त्रास होते, फार तर दोन दिवसांचा, पण कोणी बुडत नाही. बुडते कधी, तर दुकानाच्या पाटीवरचं नावच दुसऱ्याच्या मालकीचं असते तेव्हा. ते नाव म्हणजे डोमेन. तुम्ही पंधरा दिवस खोलीचा विचार केला अन् पाटी कोणाच्या नावावर राहणार ह्याबद्दल पत्रात अर्धी ओळही नाही, उलट "माझ्या अकाउंटवरून करून देतो" हे तुम्ही सहज लिहून गेल्या. मला तिथेच धडधडलं, अन् त्याला कारण आहे.

माझ्या मावसभावाची संत्र्याची नर्सरी आहे, शेंदुरजनाघाटकडे, तिकडे घरोघरी नर्सऱ्या, जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून कलमं विकतात. पाचेक वर्षांपूर्वी त्याने शहरातल्या एका पोराकडून साईट बनवून घेतली. पोरगा चांगला होता, काम पण चांगलं केलं, डोमेन स्वतःच्या ईमेलवरून घेतलं कारण तेव्हा मावसभावाला ईमेल उघडताच येत नव्हता. दोन वर्षं मजेत गेली. मग पोराला बाहेर नोकरी लागली, नंबर बदलला, रिन्यूअलचे मेल त्याच्या कोणत्या तरी जुन्या इनबॉक्समधे पडत राहिले अन् एक दिवस साईट बंद. मला फोन आला तेव्हा नाव कोणीतरी उचललं होतं, उघडलं की जुगाराच्या जाहिराती. होस्टिंगचे पैसे भरलेले होते बरं का, खोली शाबूत होती, आत रोपांचे फोटोही जागेवर होते, पण तिथे जायचा रस्ताच विकला गेला होता. त्याचा छोटा हत्ती अजून रस्त्याने फिरून राहिला, मागच्या फाळक्यावर पिवळ्या रंगात ते नाव तसंच आहे, पेंटरला बोलावून पुसून घे म्हटलं तर म्हणते कायले, रोपं घेणारे कुठं पाहतात. पण पोट्टे पाहतात ना बाप्पा, मोबाईलमधे टाकून पाहतात अन् हसतात.

डॉट कॉमसारख्या नावाचं असं असते की मुदत संपल्यावर लगेच जात नाही. बऱ्याच कंपन्या काही दिवस जुन्याच भावात परत देतात, त्यानंतर तीस दिवस असे असतात की नाव सोडवता येते पण दंड जबर लागते, अन् त्यानंतर ते बाजारात मोकळं. म्हणजे वेळ मिळते, पण ज्याच्या ईमेलवर सूचना जाते त्यालाच मिळते. आमच्याकडे ती सूचना मालकाला जातच नव्हती.

म्हणून तुमचं पहिलं काम होस्टिंग नाही. गटाच्या नावाने एक नवीन जीमेल काढा, तुमच्या स्वतःच्या नावाचा नको. त्याला दोन मोबाईल नंबर जोडा, एक तुमचा अन् एक अध्यक्ष किंवा सचिव जी असेल तिचा. मग त्या ईमेलवरून डोमेन घ्या, अन् फॉर्ममधे मालक म्हणून जे नाव विचारते तिथे गटाचं नाव, गटाचा पत्ता. पासवर्ड वहीत लिहा, पाकिटात घाला, गटाच्या पेटीत ठेवा. हसू नका, मी शहाण्या शहाण्या लोकांचे पासवर्ड हरवलेले पाहिले आहेत, पेटीतला कागद कुठे जात नाही. अन् मुदत कोणत्या तारखेला संपते ते ठराव वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. ऑटो रिन्यूअल चालू ठेवलं तरी लिहा, कार्ड बदलते, यूपीआयची परवानगी संपते, खात्यात पैसे नसतात, मशीन काय करेल.

नाव कोणतं, हे तुम्ही विचारलं नाही पण तीन नावं लिहिली आहेत म्हणून सांगतो. एका नावात वायगाव आहे. वायगाव हळदीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला आहे, समुद्रपूर तालुक्याची ती ओळख, त्यामुळे ते नाव पाटीवर लावायचं तर जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का ते आधी पाहा, तालुका कृषी कार्यालयात विचारा. नोंदणी असली तरी मी ते डोमेनमधे नाही टाकणार, आतल्या पानावर लिहीन. दुसऱ्यात ऑरगॅनिक आहे, तिथे प्रमाणपत्राचा प्रश्न येते, सोडून द्या. तिसरं नाव गटाचं आहे अन् तेच चांगलं, फक्त एक करून पाहा. शनिवारच्या बाजारात, गोंगाटात, दुसऱ्या गावच्या बहिणीला फोन लावा अन् ते नाव इंग्रजी अक्षरात सांगा. एक ए का दोन ए, डी का डीएच, हे दोनदा सांगावं लागलं तर नाव बदला. आपल्या हळदीचंच स्पेलिंग लोक तीन प्रकारे लिहितात.

शेवटी डॉट काय लावायचं? डॉट इन घ्या. ते आपल्याच देशाचं, निक्सी नावाची संस्था सांभाळते, अन् वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर मिळून जाते. डॉट कॉम पण चालते. देवनागरीत डॉट भारतही मिळते, २०१४ च्या ऑगस्टपासून आहे, मराठीत नाव लिहायचं म्हणून मला फार आवडते, पण गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही, म्हणून एकटं ते घेऊ नका. अन् डॉट कॉम कोणी पहिल्या वर्षी ९९ रुपयांत देत असेल तर एक आकडा ध्यानात ठेवा, ही नावं सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीचा ठोक भावच सप्टेंबर २०२४ मधे वर्षाला १० डॉलर २६ सेंट झाला, म्हणजे तेव्हाचे आपले साडेआठ-नऊशे. जो ९९ मधे विकून राहिला तो घरून पैसे घालून राहिला, अन् घरून घातलेले पैसे कोणी सोडत नाही, दुसऱ्या वर्षी वसूल करते. घेऊ नका असं नाही, पहिल्या वर्षाचा फायदा घ्या ना, पण दुसऱ्या वर्षाचा भाव वाचून घ्या.

आता दुसरी गोष्ट, अन् ही मी जरा भीत भीत विचारतो. तुम्हाला आज होस्टिंग लागते काय? महिन्याला पंधरा-वीस फोन येतात म्हणता. ते फोन कसे येतात, गिऱ्हाईक काय विचारते? मला वाटते ते विचारत असेल की हळद कितीला, कुरिअरने पाठवता काय, पैसे कसे देऊ. ह्या तीन प्रश्नांची उत्तरं एका साध्या पानावर मावतात. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यातल्या कॅटलॉगमधे पाचशे वस्तू मांडता येतात, तुमच्या सगळ्या मिळून बारा असतील. गूगलच्या नकाशावर गटाची नोंद फुकट होते. अन् ब्लॉगर नावाची साईट बनवायची एक सोय आहे, गूगलचीच, तिला तुमचं स्वतःचं डोमेन जोडलं तर साईटही फुकट, कुलूपवाली सुरक्षित लिंक पण तेच देतात, खर्च फक्त डोमेनचा. पाच पानं करा, आम्ही कोण, माल अन् भाव, ऑर्डर कशी द्यायची, एफएसएसएआयचा (खाण्याच्या मालाच्या सरकारी नोंदणीचा) नंबर, संपर्क. ऑर्डरच्या बटणावर बोट ठेवलं की थेट गटाच्या व्हॉट्सॲपवर. एमएस-सीआयटीवाल्या बाईला हे चार संध्याकाळीत जमते.

पुतण्या म्हणून अर्धा बरोबर आहे. अर्धाच, कारण फुकटात दोन जाती आहेत. एक फुकट असं की नाव तुमचं स्वतःचं, फक्त जागा फुकट, अन् उद्या ती जागा सोडली तरी नाव तुमच्यासोबत येते. दुसरं फुकट म्हणजे कोणत्या तरी न ऐकलेल्या कंपनीचं, जिथे नावाच्या मागे त्यांचं शेपूट, पानावर त्यांच्या जाहिराती, अन् एक दिवस काही न सांगता गायब. पुतण्याला विचारा कोणतं म्हणून राहिला. ब्लॉगरलाही मर्यादा आहेत हे लपवत नाही, दिसायला साधं असते, कार्टमधे टाकून पैसे भरायची सोय नाही, अन् शेवटी गूगलच्या मर्जीवर आहे. पण तुमच्या सहा हजारातले पाच वाचतात अन् त्यातून हळदीचे चांगले उजेडातले फोटो होतात, पाकिटावर नीट छापलेलं लेबल होते. पहिल्या वर्षी माल विकण्यासाठी मला ते होस्टिंगपेक्षा जास्त कामाचं वाटते.

पण असं समजा की तुम्हाला पटलं नाही, किंवा एका वर्षाने ऑर्डरी पंधराच्या दीडशे झाल्या, व्हॉट्सॲपवर कोणाचे पैसे आले अन् कोणाचे राहिले ह्याचा गोंधळ होऊन राहिला, साईटवरच पैसे घ्यायचे आहेत. तेव्हा होस्टिंग घ्याच, त्यावर वर्डप्रेस टाका, म्हणजे साईट बनवायचं सॉफ्टवेअर, अन् त्याला वूकॉमर्स जोडा, म्हणजे दुकानाची सोय. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे साईटवर आलेले पैसे खात्यात पोचवणारे, गटाचं बँक खातं, पॅन, माल परत करायच्या अटी लिहिलेलं पान असं बरंच काही मागतात, ते आधी जमवून ठेवा.

अन् मग प्लॅन कोणता, तर सगळ्यात साधा. शेअर्ड होस्टिंग म्हणजे आपली काळीपिवळी, एका मशीनवर खूप जणांच्या साईट, कोंबून बसलेल्या, पण वर्ध्याला नेऊन सोडते. व्हीपीएस, म्हणजे मशीनचा एक भाग फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलेला, ही स्वतःची गाडी, भारी वाटते, पण डिझेल तुम्ही टाकायचं, पंक्चर तुम्ही काढायचं, तुम्हाला कशाले पाहिजे. शेअर्डमधेही सगळ्यात खालचा किंवा त्याच्या वरचा. अनलिमिटेड हा शब्द तर वाचूच नका, खाली बारीक अक्षरात फायलींच्या संख्येची मर्यादा लिहिलेली असते, अन् तसंही तुमच्या कामाला लागते किती? एक नीट लहान केलेला फोटो दोनशे केबीचा धरा, दहा जीबीत पन्नास हजार फोटो बसतात. दहा बाया मिळून जन्मभर सांडग्यांचे फोटो काढा, नाही भरणार. पण मोबाईलमधून निघालेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर मोठी कंपनी घ्या का लहान घ्या, गावातल्या नेटवर साईट रांगत उघडेल, अन् शिव्या होस्टिंगला पडतील. आधी फोटो लहान करायला शिका, बाराशे पिक्सेल रुंदी खूप झाली.

आता ७९ रुपयांचा हिशेब कागदावर करू, माझ्याकडेही वही आहे. महिना ७९ म्हणतात पण घेतात अठ्ठेचाळीस महिन्यांचे एकदम, ७९ गुणिले ४८ म्हणजे ३,७९२, वर अठरा टक्के जीएसटी, झाले साधारण ४,४७५. ठीक आहे, चार वर्षांचे म्हटलं तर स्वस्तच. पण तुम्ही जो स्क्रीनशॉट पाठवला त्याच्या तळाशी राखाडी अक्षरात लिहिलेलं आहे की रिन्यूअल महिना ४४९. बारा महिन्यांचे ५,३८८, जीएसटी धरून ६,३५८. म्हणजे चार वर्षांत मिळून जेवढे दिले त्याच्यापेक्षा जास्त पाचव्या एकट्या वर्षात. अन् तेव्हा गटाची अध्यक्ष कोण असेल, तुम्ही असाल का, कोणाला आठवेल का की हे कोणी घेतलं होतं? मी नवीन माणसाला नेहमी सांगतो की पहिल्यांदा एकच वर्षाचं घ्या, महिन्याला थोडं महाग पडते तर पडू द्या. वर्षभरात कळते की तुम्ही साईट वापरता का नाही, कंपनी फोन उचलते का नाही. तीन-चार वर्षांचं त्यानंतर घ्या, मन भरलं तर.

पैसे भरायच्या पानावर थांबा जरा, तिथे हात सैल सुटते. कार्टमधे आधीच टिक केलेल्या चार गोष्टी असतात, वेबसाईट सिक्युरिटी, प्रायॉरिटी सपोर्ट, अमुक ईमेल, तमुक गार्ड. सगळ्या टिका काढा. एसएसएल तर पैसे देऊन घेऊच नका, ते कुलूपाचं चिन्ह असते ना त्याचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट देते, बऱ्याच कंपन्या तेच आपोआप लावून देतात, अन् जी कंपनी त्यासाठी वेगळे हजार रुपये मागते तिच्या दारातूनच परत या. एकच गोष्ट पैसे देऊन घ्यावी असं कधी कधी वाटते, ती रोजचा बॅकअप, म्हणजे साईटची आख्खी नक्कल, पण तोही वर्डप्रेसमधे अपड्राफ्टप्लस नावाच्या फुकट प्लगइनने (वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरने) गटाच्या गूगल ड्राइव्हवर जाते. आठवड्यातून एकदा गेला तरी पुरे. हा बॅकअप अन् डोमेन तुमच्या हातात असलं की उद्या कंपनी पटली नाही तर उठून चालता येते, माझ्या मते होस्टिंगच्या सगळ्या शहाणपणात निम्मं एवढंच आहे.

घ्यायच्या आधी कंपनीची परीक्षा घ्या. रात्री दहाला, जेवणखावण आटोपल्यावर, त्यांच्या चॅटवर जा अन् तीन प्रश्न टाका. एक, दुसऱ्या वर्षी जीएसटी धरून एकूण किती. दोन, सर्व्हर, म्हणजे साईट ठेवायचं ते मशीन, मुंबईत आहे का बाहेर. तीन, मी सोडून गेले तर माझा पूर्ण बॅकअप मला उतरवून घेता येईल का, अन् ते कसं. उत्तर येते का, किती वेळात येते, प्रश्नाचंच येते का ऑफरची लिंक येते, ह्यावरून मला जेवढं कळते तेवढं शंभर व्हिडिओतून कळत नाही. मुंबईचं अशासाठी विचारायचं की तुमचं गिऱ्हाईक नागपूर-पुण्याचं, त्याच्या मोबाईलची विचारणा अमेरिकेला जाऊन परत यायला प्रत्येक वेळी सेकंदाचा पाव भाग तरी जाते, अन् एक पान उघडताना अशा विचारण्या बऱ्याच होतात. सिंगापूर असलं तरी चालून जाते.

९९.९ टक्के अपटाईमचं लोक फार ऐकवतात. त्याचा अर्थ महिन्यातून ४३ मिनिटं साईट बंद राहिली तरी त्यांचा शब्द मोडत नाही. आपल्याकडे डीपी जळली की चार चार दिवस लाईन नसते, ४३ मिनिटांचं काय घेऊन बसलात.

नाव सांगा म्हणता तर, होस्टिंगर, ब्लूहोस्ट, गोडॅडी, नाशिकची माइल्सवेब, ह्यातलं काहीही तुमच्या कामाला पुरून उरते. मी पहिलं का दुसरं असा नंबर लावणार नाही, नंबर तुमच्या रात्री दहाच्या चॅटवर लागेल. अन् जमलं तर डोमेन एका ठिकाणी अन् होस्टिंग दुसऱ्या ठिकाणी ठेवा, सगळी अंडी एका टोपलीत नको. जोडायला नेमसर्व्हर, म्हणजे हे नाव कोणत्या मशीनकडे जाते ते सांगणारे पत्ते, बदलावे लागतात, दोन ओळी कॉपी करून टाकायच्या असतात, त्यानंतर कधी तासाभरात तर कधी दीड-दोन दिवसांनी साईट सगळीकडे दिसते. त्या मधल्या वेळात घाबरून दहादा बदलत बसू नका, बहुतेक लोक इथेच बिघडवतात. मी पण बिघडवलं आहे.

आता तो तालुक्याचा पाहुणा. मला वाटते पत्र लिहायचं खरं कारण हे आहे, होस्टिंग नंतर. नात्यातला माणूस, नणंदेच्या सासरचा, नाही म्हटलं तर दिवाळीत तोंड वाकडं, हो म्हटलं तर दहा बायांचं नाव त्याच्या अकाउंटवर. त्याचा हेतू वाईट आहे असं मी बिलकुल म्हणत नाही, माझ्या मावसभावाची साईट बनवणाऱ्या त्या पोराचाही नव्हता. अन् साईट बनवायची मजुरी मागणं त्याचा हक्कच आहे, तुम्ही हळद दळायची मजुरी सोडता काय? त्याच्या बारा हजारात अडचण एवढीच की मजुरी किती, डोमेन किती, होस्टिंग किती, दुसऱ्या वर्षी किती, काहीच फोडून सांगितलेलं नाही. म्हणून भांडू नका, फोनवर बोलूही नका, फोनवर आपण नात्यात वाहवत जातो. डोमेन घेऊन झालं की व्हॉट्सॲपवर असं लिहा: "भाऊ, गटाच्या बैठकीत ठरलं, डोमेन गटाच्याच नावाने राहील, ते आम्ही घेऊन ठेवलं आहे. साईट तूच बनवावी असं सगळ्या जणींचं म्हणणं आहे. तुझी मजुरी किती ते वेगळं लिहून पाठव, होस्टिंगचं बिल गटाच्या ईमेलवर येईल अन् आम्ही थेट भरू. काम झालं की लॉगिन, बॅकअपची फाईल अन् भाव कसे बदलायचे ते आम्हा दोघींना शिकवणं, हे सगळं धरून सांग."

"सगळ्या जणींचं" हा शब्द काढू नका, तो कामाचा आहे. त्याने उलटून विचारलं की वहिनी माझ्यावर भरोसा नाही काय, तर ठराव वहीचं पान फोटो काढून पाठवा. गटाच्या खात्यातून पैसा काढायला एकीची सही चालत नाही हे त्याला चांगलं माहीत असेल, त्याची माय पण कोणत्या ना कोणत्या गटात असेलच.